जननेंद्रियांचा हर्पिस 'प्लाझ्मा'ने कायमचा बरा होतो का?

जननेंद्रियांवर बारीक, पाणीदार फोड येतात, फुटून दुखतात, भरतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतात. हा हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा संसर्ग. (अंगावर पट्ट्यासारखी उठणारी नागीण वेगळ्या विषाणूमुळे होते.) या त्रासाला कंटाळलेले रुग्ण 'प्लाझ्मा' उपचाराबद्दल विचारतात. हर्पिस कायमचा घालवणारा असा उपचार आज उपलब्ध नाही.

प्लाझ्मा म्हणजे काय?

या शब्दाचे दोन अर्थ आहेत.

• रक्तातील प्लाझ्मा : रक्तातील पिवळसर द्रव. त्यात प्रतिपिंडे असतात.
• शीत प्लाझ्मा : वायूतून वीज सोडून तयार केलेला विद्युतभारित वायू. प्रयोगशाळेत, पेशींवर केलेल्या प्रयोगांत त्याने हर्पिसचा विषाणू कमी झालेला दिसला आहे.

मग अडचण कुठे आहे?

फोड भरले तरी विषाणू मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत सुप्त राहतो. शीत प्लाझ्माचा परिणाम त्वचेच्या वरच्या थरापुरता असतो. प्रतिपिंडे तर रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातही असतात, तरीही फोड पुन्हा येतात.

कोविडच्या वेळी प्लाझ्माकडून अशाच मोठ्या आशा होत्या. आयसीएमआरने 2020 मध्ये 39 रुग्णालयांतील 464 रुग्णांवर चाचणी केली. आजार बळावणे किंवा मृत्यू यांत फरक पडला नाही. मे 2021 मध्ये हा उपचार राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला.

खात्रीचा उपचार कोणता?

असायक्लोविर किंवा व्हॅलासायक्लोविर. फोड उठताच गोळ्या सुरू केल्यास त्रास लवकर आटोपतो. वर्षातून सहा किंवा अधिक वेळा फोड येत असल्यास डॉक्टर रोजची गोळी देऊ शकतात. त्याने फोड कमी होतात; जोडीदाराला लागण होण्याचा धोकाही घटतो, पण पूर्ण जात नाही. म्हणून निरोध वापरावा आणि फोड असताना संबंध टाळावेत.

जिल्हा रुग्णालयांच्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये हा उपचार मोफत, गोपनीयता राखून मिळतो. रत्नागिरीकरांनी जिल्हा शासकीय रुग्णालयात चौकशी करावी.

लगेच डॉक्टरांकडे कधी जावे?

• गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत फोड आल्यास
• लघवी अडकल्यास
• तापासोबत तीव्र डोकेदुखी, मान ताठ झाल्यास
• एचआयव्ही किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती कमी असल्यास

कोणी 'प्लाझ्मा' सुचवला तर?

ही नोंदणीकृत चाचणी आहे का, लेखी संमती घेणार का, हे विचारा. चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. हजारो रुपयांचे 'पॅकेज' पुढे केले, तर नकार द्या आणि चालू गोळ्या बंद करू नका.