कलमतराश : त्याच्या मुठी व त्याची साक्ष

जुन्या कागदांचा संग्रह करणारे गृहस्थ दौत जपतात, कलमदानहि जपतात. परंतु ज्या चाकूनें बोरू तासला जाई, तो बहुधा भंगारांत जातो. वस्तुतः त्याच्यावांचून दप्तरांतील एकहि ओळ उमटली नसती. म्हणून या लहानशा हत्याराविषयीं थोडें विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

'कलमतराश' हा शब्द फार्सी. त्यांतील 'कलम' अरबीच्या द्वारें ग्रीक 'कालामॉस' (बोरू) या शब्दापर्यंत पोंचतो. 'तराश' म्हणजे तासणारा. अमरकोशांत छुरिकेस शस्त्री, असिपुत्री, असिधेनुका हे पर्याय दिले आहेत. पण तीं नांवें शस्त्राचीं, लेखनसाहित्याचीं नव्हत. शिवकालीन राज्यव्यवहारकोशांत मात्र शस्त्रवर्ग निराळा व लेखनवर्ग निराळा आहे. हा भेद संग्राहकानेंहि ध्यानांत ठेवावा.

कलमतराशाचें पातें आखूड आणि मूठ लांब व सडपातळ असते. त्यानें प्रथम बोरू तासावयाचा, मग टोंकास चीर द्यावयाची व शेवटीं टोंक हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या पट्टीवर टेकवून तिरपें छाटावयाचें. या छाटास 'कत' म्हणत. अक्षराची जाडी या कतावर अवलंबून असते. यास्तव एकाच पत्रांत अक्षर मध्येंच बारीक झालें, तर लेखक बदलला असें एकदम म्हणूं नये; बोरू नव्यानें तासला असणेंहि संभवतें.

मुठी लांकूड, शिंग, हाड, पितळ, हस्तिदंत इत्यादि अनेक द्रव्यांच्या आढळतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदांत एकमेकींस छेदणाऱ्या वांकड्या रेषांची जाळी दिसते. हाडावर बारीक काळसर छिद्रें किंवा रेघा दिसतात. शिंगाचे पापुद्रे सुटतात. तापलेल्या सुईनें परीक्षा करण्याची रीत मात्र सर्वथा वर्ज्य समजावी, कारण तिनें वस्तु कायमची डागते. हस्तिदंत व कासवाची पाठ यांच्या व्यवहारास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा व त्यांतील पुढील दुरुस्त्यांचा प्रतिबंध आहे, हेंहि विसरूं नये.

इंग्रजी अमदानींत शेफील्ड येथील घडीचे चाकू आले. जोसेफ रॉजर्स यांच्या पात्यावर तारा व माल्टाचा क्रूस ही खूण असते. मुकुटासह 'व्ही. आर.' हीं अक्षरें असल्यास चाकू व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींतील (१८३७–१९०१) मानण्यास आधार मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सेल्युलॉइडच्या नकली मुठी निघाल्या. त्यांवर हस्तिदंतासारख्या रेघा असतात, परंतु त्या सरळ व समांतर, जाळी नसते. हें द्रव्य कालांतरानें कुजतें, कापरासारखा वास येतो, पातें गंजतें, व निघणाऱ्या आम्ल वाफेनें शेजारचा कागदहि ठिसूळ होतो. शिवाय तें चटकन पेट घेतें. असा चाकू पोथ्यांच्या रुमालांत कदापि ठेवूं नये.

चाकूची आणखी एक साक्ष कागदावरच असते. पोथी लिहिणारे चुकीवर हरताळ लावीत. 'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार त्यांतूनच आला. परंतु चाकूनें शाई खरवडूनहि चूक काढतां येई. अशा जागीं कागद पातळ होतो, तंतु उठतात व नवी शाई पसरते. कागद आधीं उजेडासमोर धरावा, मग तिरप्या उजेडांत न्याहाळावा. तिथि किंवा रकमेचा आंकडा नेमका अशा जागीं असेल, तर त्यावर अनुमान उभारण्यापूर्वीं थांबावें.

वसईच्या मोहिमेंत (१७३७–३९) आमचा हा घोडबंदराचा टापू मराठी अंमलाखालीं आला आणि मोडी लेखनाचा व्यवहार येथें वाढला. अशा टापूंत एखाद्या घरीं जुनें दप्तर मिळाल्यास त्यांतला चाकू वेगळा विकूं नये, घासून लखलखीत करूं नये, धार तर मुळींच लावूं नये. कोणत्या घरीं, कोणत्या कागदांबरोबर मिळाला, एवढें टिपून ठेवावें. स्थानापासून तुटलेला चाकू ही केवळ शोभेची वस्तु; दप्तरासह राहिलेला चाकू हें साधन होय.

— चेणे, जि. ठाणे