वाट मोकळी, भिंत आजारी

पक्षाघाताच्या झटक्यानंतर मेंदूची अँजिओग्राफी ‘नॉर्मल’ आली की घरच्यांच्या जिवात जीव येतो. हा दिलासा कधी कधी फसवा ठरतो. १९२७ मध्ये लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्या एक्स-रेवर दाखवल्या, तेव्हापासून डॉक्टर पाहत आले ती रक्ताची वाट: ती कुठे अरुंद आहे, कुठे बंद आहे. आजार मात्र भिंतीत असतो.

धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साठू लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली वाट सांभाळून ठेवते. सीमोर ग्लॅगोव्ह यांनी १९८७ मध्ये मृतांच्या हृदयांचा अभ्यास करून हे दाखवलं. थराने धमनीतली जवळपास ४० टक्के जागा खाईपर्यंत वाट अरुंद होतच नव्हती. मेंदूच्या धमन्याही अशाच फुगतात.

ही भिंत पाहायची तर अडचण मापाची. मेंदूतली मोठी धमनीसुद्धा जेमतेम ३ मिलिमीटर रुंद, आणि निरोगी भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ. म्हणून ३ टेस्ला चुंबकशक्तीच्या एमआरआय यंत्रावर अतिशय बारीक तपशिलाचं चित्र घेतात. वाहत्या रक्ताचा आणि मेंदूभोवतीच्या द्रवाचा संकेत दाबला की दोन्ही काळे पडतात आणि मधली भिंत उठून दिसते. गॅडोलिनियम हे चित्रात उजळणारं द्रव्य शिरेतून टोचलं तर दाह असलेला थर बऱ्याचदा उजळतो. एकाच बाजूला जाड झालेली भिंत बहुधा चरबीची. चहूबाजूंनी सारखी जाड आणि उजळ असेल तर शंका रक्तवाहिनीच्या दाहाची. हा फरक मोलाचा आहे, कारण पहिल्याला अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन लागतं, दुसऱ्याला बहुतेकदा स्टेरॉइड.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ब्रेन स्टेममधला, म्हणजे मेंदूच्या देठातला झटका. तिथल्या बॅसिलर धमनीतून केसासारख्या बारीक फांद्या निघतात. छोटासा थर नेमका फांदीच्या तोंडाशी बसला की फांदी बंद पडते; मुख्य धमनी मात्र मोकळीच दिसते. असे झटके वर्षानुवर्षं ‘बारीक रक्तवाहिन्यांचा आजार’ म्हणून नोंदले गेले. २०१० मध्ये पॅरिसच्या इझाबेल क्लाइन आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या बॅसिलर धमनीच्या भिंतीतले थर बारीक तपशिलाच्या एमआरआयवर दाखवले. मेंदूच्या धमन्यांतला हा चरबीच्या थरांचा आजार गोऱ्यांपेक्षा आशियाई लोकांत जास्त आढळतो, तेव्हा प्रश्न आपलाही आहे.

नुसती वाट रुंद करून भागत नाही, हे अमेरिकेतल्या ‘सॅम्प्रिस’ चाचणीने २०११ मध्ये दाखवलं. मेंदूतली धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद झालेल्या ४५१ रुग्णांत, स्टेंट घातलेल्यांपैकी १४.७ टक्के रुग्णांना महिनाभरात झटका आला किंवा त्यांचा मृत्यू झाला; फक्त औषधांवरच्या गटात हे प्रमाण ५.८ टक्के होतं.

भिंतीची ही एमआरआय तपासणी वेळखाऊ आहे. रुग्ण जरा हलला तरी चित्र बिघडतं, आणि संथ वाहणारं रक्तही भिंतीचा थर असल्याचा भास घडवू शकतं. त्यामुळे ती सरसकट सगळ्यांना नको. पण झटक्याचं कारण इतर तपासण्यांत सापडलं नसेल, विशेषतः रुग्ण तरुण असेल, तर भिंतीचा एमआरआय करता येईल का, हे न्यूरॉलॉजिस्टना जरूर विचारावं.