घरची बालवाडी आणि एक डोळ्याचं रोप



शेतकी खात्याच्या माणसाने लागण, भरणी, खोडवा, हुमणी यांवर लिहावे अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. या अंकात मात्र संपादक मंडळाच्या परवानगीने जरा वेगळा विषय मांडतो आहे. त्याचे कारण असे की गटात फिरताना गेल्या दोन-तीन हंगामांत एक वाक्य वारंवार कानावर येते. "साहेब, सून आणि नातू पुण्याला ठेवलेत, पोराच्या नर्सरीसाठी." मुलगा इथे रात्रीच्या लायटीवर उसाला पाणी देतोय, सून हडपसरला नाहीतर धायरीला खोली घेऊन राहतेय. खोलीभाडे, शाळेची फी, व्हॅनचे पैसे हे सगळे उसाच्या बिलातून, आणि बिल पुरले नाही की सोसायटीतून. मूल केवढे, म्हणून विचारावे तर साडेतीन वर्षांचे!

नर्सरी म्हटले की माझ्यासारख्याच्या डोळ्यांपुढे उसाच्या रोपांचे ट्रे येतात. त्या नर्सरीत रोप पाच-सहा आठवडे सावलीत, जपून ठेवतो ते त्याला मूळ धरायला वेळ मिळावा म्हणून. मुलांच्या नर्सरीत हल्ली उलटेच चालले आहे. मूळ धरायच्या आत कणसाची घाई.

मागच्या महिन्यात मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षणासाठी जाणे झाले. निघताना आपल्या एका सभासदांनी गुळाची ढेप आणि शेंगांची पिशवी हातात दिली आणि "तेवढी सूनबाईला पोचवा" म्हणाले. नावगाव लिहीत नाही, पण हा अंक ते वाचतील. धायरीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. दार उघडलं तर आत एक नाही, चार पोरं. मधे ताट, ताटात पाणी आणि पाण्यात लिंबू, चमचा, बाटलीचं बूच, दगड, चिंचोका. कोण बुडतंय नि कोण तरंगतंय यावर मोठा वाद चाललेला.

चौकशी केल्यावर कळले की नातवाला दिवाळीनंतर नर्सरीतून काढले आहे. सासऱ्यांना अजून पुरते ठाऊक नाही. (आता झाले.) नाव न घेता सांगायचे तर त्या नर्सरीत साडेतीन वर्षांच्या मुलाला रोज वहीची दोन पाने इंग्रजी अक्षरे गिरवायला होती, आणि पोर सकाळी पोटात दुखतंय म्हणून रडायचं. ही बाई बारावी शिकलेली, माहेरही शेतकऱ्याचेच. ती म्हणाली, "साहेब, एवढं रडवून जे शिकवतात ते मी घरी न रडवता शिकवीन की." शेजारच्या दोघींनीही आपली मुले सकाळचे दोन तास तिच्याकडे पाठवायला सुरुवात केली.

तिची रीत सोपी आहे. आठवड्याला एक विषय. या आठवड्याला पाणी. गेल्या आठवड्यात मंडई होती, त्याच्या आधी गाडी. विषय ठरला की त्या आठवड्यातली गोष्ट, गाणं, मोजणी, चित्र, खेळ आणि जमलं तर फिरणंसुद्धा त्याच विषयाभोवती. मंडईच्या आठवड्यात कांदे-बटाट्यांचे दुकान मांडले, चिंचोक्यांचे पैसे केले, भाज्या वेगळ्या निवडल्या. जमिनीखाली येणाऱ्या एकीकडे, वेलावरच्या एकीकडे. डोळे मिटून नुसत्या वासावरून कोथिंबीर कुठली, पुदिना कुठला ते ओळखले. रविवारी बसने महात्मा फुले मंडईत नेऊन आणले. गाडीच्या आठवड्यात काड्यापेट्यांची आगगाडी झाली आणि पेशवे पार्कातल्या फुलराणीत बसून झाले. खर्च म्हणाल तर बसचे तिकीट आणि फुलराणीचे.

एकच विषय आठवडाभर का? मला यात शेतीतलेच तत्त्व दिसते. सरीभर पाणी एकदम सोडले तर वरून वाहून जाते, थोडे थोडे दिले तर मुरते. लहान मूल नवा शब्द जुन्या शब्दाला बांधून ठेवते. 'गाजर' माहीत असले की 'मूळ' कळते, मूळ कळले की 'जमिनीखाली' म्हणजे काय ते कळते. आज हत्ती, उद्या विमान, परवा ए-बी-सी-डी अशी धरसोड केली की शब्द सुटे राहतात. मूल पाठ म्हणून दाखवते आणि पाहुणे टाळ्या वाजवतात एवढेच.

हे काही पुण्यातल्या त्या बाईने शोधून काढलेले नाही, आणि परदेशातूनही आयते आलेले नाही. आपल्या मराठी मुलखात याची मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून आल्या आणि १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर जिल्हा) बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम त्यांनी सुरू केले. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंना बालपणीच वैधव्य आलेले. पुढे शिकून त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या होत्या. पुण्यातली नोकरी सोडून ही बाई बोर्डीला गेली हे आपण ध्यानात घ्यावे, कारण आपली गाडी आज नेमकी उलट दिशेने चालली आहे. वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९५७ साली काम कोसबादच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिचे नाव कुरणशाळा. महागडी परदेशी साधने परवडत नाहीत म्हणून बिया, शिंपले, पाने, खडे, माती हीच साधने केली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर झाला. आपल्या गावातल्या अंगणवाडीकडे खिचडी वाटायचे ठिकाण म्हणून बघणाऱ्यांनी हा इतिहास एकदा वाचावा.

पुण्यातही सारसबागेजवळ गरवारे बालभवन आहे. शोभाताई भागवतांनी ते अनेक वर्षे चालवले. मुलांना खेळू द्या, मातीत हात घालू द्या, हेच त्या पालकांना सांगत राहिल्या. म्हणजे ज्या पुण्याच्या नावाने आपण नर्सरीकडे धावतो, त्या पुण्यातले जाणकार वेगळेच सांगत होते.

असो. निघताना तिने मला विचारले, "साहेब, पुढच्या आठवड्यात ऊस घ्यायचाय. कसा घेऊ?" वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत उसावर पुष्कळ प्रश्न आले, पण असा पहिलाच. तिला जे सांगितले ते थोडे वाढवून इथे देतो, कारण हे आपल्यातल्या प्रत्येक आजी-आजोबांना घरबसल्या जमण्यासारखे आहे.

पहिल्या दिवशी वाढ्यासकट अख्खा ऊस घरात आणून आडवा ठेवावा. काही शिकवू नये. पोरं आपसूक हात लावतील. कांडीवर पांढरी भुकटी असते, तो मेणाचा थर. त्यावर बोट ओढलं की रेघ उठते. हीच त्यांची पहिली पाटी. दोन जातींचे तुकडे शेजारी ठेवले, समजा ८६०३२ आणि २६५, तर रंगात, जाडीत, डोळ्यात काय फरक आहे ते मूलच सांगेल. जातीचे नाव त्याला कळायची गरज नाही. मग कांड्या मोजाव्यात. मूल पाचापर्यंतच मोजत असेल तर पाचावर थांबावे, पुढचे आपण मोजावे. ऊस किती लांब ते वितीने मोजावे, आजोबांच्या विती किती आणि नातवाच्या किती. आकडा वेगळा का आला याचा विचार पोर दोन दिवस करतंय.

दुसऱ्या दिवशी चव. शेंड्याकडचा तुकडा आणि बुडख्याचा तुकडा सोलून, बारीक करून द्यावा आणि गोड कुठला ते विचारावे. पक्वता तपासताना आम्ही ब्रिक्समीटर लावून हेच पाहतो. ऊस तयार नसेल तेव्हा बुडखा गोड आणि शेंडा पाणचट, तयार होत जाईल तसा फरक कमी. पोराची जीभ हा उत्तम ब्रिक्समीटर आहे. उरलेली चिपाडे टाकू नयेत, वाळवून त्यांचा कुंचला करावा. टोक चेचले की धागे सुटतात, हळदीच्या नाहीतर गेरूच्या पाण्यात बुडवून त्याने कागदावर, पत्र्यावर, अंगणात रंगवता येते. बोटांना असा व्यायाम झाला की पाचव्या-सहाव्या वर्षी पेन्सिल आपोआप नीट धरली जाते. अक्षरे गिरवून बोटे तयार होत नाहीत, बोटे तयार झाल्यावर अक्षरे येतात.

मग लागण. प्लास्टिकचा पेला घ्यावा, बुडाला भोक पाडावे, माती आणि चाळलेले शेणखत भरून एक डोळ्याचा तुकडा डोळा वर करून मुलाच्या हाताने लावावा. रोज पाणी घालायचे काम त्याचेच. साधारण आठ ते पंधरा दिवसांत कोंब दिसतो, थंडीत जास्त लागतात. तोवर "अजून का नाही आलं?" हे दिवसातून दहा वेळा ऐकायची तयारी ठेवावी. वाट बघायला शिकणे हे मोठे शिक्षण आहे, मोबाइलवर ते मिळत नाही. कोंब आल्यावर दर रविवारी दोऱ्याने उंची मोजून दोरा भिंतीवर चिकटवत जावा. पाच-सहा दोरे शेजारी लागले की तो झाला आलेख. गावाकडे आल्यावर रोप आजोबांच्या सरीत लावायचे, म्हणजे नातवाचा एक ऊस तरी कारखान्याला येईल!

गोष्टीच्या वेळी उसाचा प्रवास सांगावा. तोड, मोळी, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर, काटा, गव्हाण, रस, मग साखरेचं पोतं. खेळात एकाने ट्रॅक्टर व्हायचे, एकाने काटा. चौघांत दोन काटे झाले तर भांडण ठरलेले. शब्द कसे येतात बघा: पेर, डोळा, वाढे, पाचट, चिपाड, काकवी, खोडवा. पुण्यातल्या फ्लॅटमधल्या मुलाला यातला एकही शब्द पुस्तकातून मिळणार नाही. पाण्यात साखर आणि खडीसाखर वेगवेगळी टाकून आधी काय विरघळते तेही दाखवता येईल.

आता खात्याचा माणूस म्हणून बजावून सांगतो. लागणीसाठी बेणेप्रक्रिया केलेले कांडे मुलांच्या हाती कदापि देऊ नये. ते औषधात बुडवलेले असते आणि मूल ते थेट तोंडात घालणार. चघळायचा ऊस वेगळा आणि धुतलेला. पात्याची धार आणि कूस यांनी हात कापतो, खाजतो, म्हणून वाढे मोठ्यांनी साफ करून द्यावे. कोयता मुलांसमोर नको. तीन-चार वर्षांच्या मुलांपुढे शेंगदाणे, हरभरे, वाटाणे असली बारीक दाणेदार वस्तू ठेवून बाजूला होऊ नये. नाकात, कानात घालतात आणि घशात अडकला तर जिवावर बेतते. मोजायला कांदे-बटाटे बरे. ताटातले पाणीसुद्धा खेळ संपला की ओतून द्यावे. एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटे पुष्कळ. पोर उठून गेले तर जाऊ द्यावे, ते काही रोजंदारीवर नाही.

मोबाइलवर बालगीते लावून दिली की शिक्षण झाले असे मानणारे पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभराहून अधिक पडदा दाखवू नये, कमी दाखवला तर अधिक चांगले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरला आहे आणि शिक्षण खेळातून, करण्यातून व्हावे असे म्हटले आहे. मेंदूची पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असेही त्यात आहे. पहिलीला मूल सहा वर्षांचे झाल्यावर जाते. म्हणजे घाई कसली आहे? इंग्रजी शिकू नये असे मी म्हणत नाही. माझी मुलगीही शिकली. पण ज्याला घरची भाषा भरपूर मिळाली, त्याला दुसरी भाषा सोपी जाते.

त्या बाईचे म्हणणे माझ्या मनात राहिले आहे. ती म्हणाली, "मी इथं ताटात पाणी घेऊन शिकवते, गावी पाटच आहे. इथं एक ऊस मागवावा लागतो, तिथं फडच्या फड. पण आत्या-मामांना वाटतं, सून परत आली तर लोक म्हणतील, पोराला शाळा झेपली नाही." तिने मला मध्यस्थी करायला सांगितले नाही, मी आपणहून करतो आहे. पहिलीपासून पुण्याला ठेवायचे तर खुशाल ठेवा, तो तुमचा निर्णय. पण ही दोन वर्षे बाप एकीकडे आणि पोर एकीकडे ठेवून काय मिळते, याचा हिशेब कुटुंबाने एकत्र बसून करावा. खर्चाची बाजू मी वर दिलीच आहे.

दुसरी एक गोष्ट आपल्या दारातली. नोव्हेंबरच्या सुमारास टोळ्या येतात. मोठ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, साखरशाळांचेही प्रयत्न झाले. पण तीन ते सहा वर्षांचे पोर आई-बापाबरोबर कोपीवर येते आणि पहाटेपासून फडाच्या कडेला पाचटावर बसून राहते. त्याच्या भोवती वर सांगितलेले सगळे साहित्य पडलेले असते. नसतो तो फक्त दोन तास बसणारा माणूस. कोप्यांच्या तळावर, सावलीत, गावातल्या अंगणवाडीताईंच्या मदतीने असा अंगणातला वर्ग भरवता येईल का, याबाबत शेतकी समितीपुढे टिपण ठेवले आहे. तळाजवळ राहणाऱ्या ज्या भगिनींना सकाळचे दोन तास देता येतील, त्यांनी आपापल्या गट ऑफिसात चिटबॉयकडे नाव द्यावे. आणि ज्यांना नातवंडांसाठी प्रक्रिया न केलेले दोन-चार डोळे हवे असतील, त्यांनी बुधवारी रोपवाटिकेवर यावे. पेले घरून आणावेत.

— ऊस विकास अधिकारी