युंगफ्राउयोखला जावें कीं न जावें ?

स्वित्झर्लंडच्या प्रवासाचा बेत करणाऱ्या आपल्याकडील कुटुंबांत हल्लीं एक वाद हटकून निघतो. बाकी सारें सर्वानुमतें ठरतें; अडतें तें युंगफ्राउयोखच्या तिकिटाशीं. इतक्या लांब जाऊन तेवढें एक राहिलें, असें नको, हें तरुण मंडळींचें म्हणणें. आणि आजोबा हातांत पेन्सिल घेऊन बसलेले. इंटरलाकेनहून वर जाऊन परत येण्याचें पुरें भाडें उन्हाळ्याच्या ऐन हंगामांत माणशीं दोनशें फ्रँकांहून अधिक पडतें, आणि फ्रँकचा भाव शंभर रुपयांच्या पुढें गेलेला आहे. घरचीं सहा माणसें म्हटलीं कीं, एका दिवसाला सवा लाख रुपये झाले ! आजोबांचा हिशेब चुकीचा नाहीं. परंतु एवढ्या पैशांत मिळतें काय, हें आधीं पाहिल्यावांचून तो पुराही होत नाहीं.

पहिली मिळते ती आगगाडी. आपली माथेरानची गाडी १९०७ सालीं सुरू झाली. त्यानंतर पांचच वर्षांनीं, १ ऑगस्ट १९१२ रोजीं, ही गाडी ३४५४ मीटर उंचीच्या त्या खिंडींत पोहोंचली. आडोल्फ ग्वायर-त्सेलर या स्विस उद्योगपतीची ही कल्पना. १८९६ सालीं काम सुरू झालें आणि १८९९ सालीं तो वारला. पुढचीं तेरा वर्षें मुख्यतः इटालियन मजुरांनीं आयगर व म्योंख या दोन पर्वतांचे खडक फोडून बोगदा पुरा केला. (म्योंख म्हणजे साधु, आणि युंगफ्राउ म्हणजे कुमारिका.) गाडी पहिल्यापासून विजेवर चालते, आणि दांतेरी रुळाच्या आधारानें चढते. मात्र एक गोष्ट प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांत ठळकपणें आढळत नाहीं, ती येथें सांगून ठेवतों. क्लाइने शायडेगपासून वरच्या साऱ्या नऊ किलोमीटरांपैकीं सुमारें सात किलोमीटर बोगदाच आहे. खिडकीशीं बसून देखावे पाहूं, अशा हौसेनें कोणी तिकीट काढील, तर त्याला बहुतेक वेळ काळोखच पाहावा लागेल.

खरा मोबदला आहे तो वर. तेथून आलेच नांवाची हिमनदी दक्षिणेकडे उतरतांना दिसते. आल्प्स पर्वतांतील ही सर्वांत मोठी हिमनदी. लांबी सुमारें वीस किलोमीटर. नदी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें वाहतें पाणी येतें; येथें पर्वतांच्या दोन रांगांमधून बर्फाचा रुंद पट्टा पसरलेला असतो, आणि तो डोळ्यांना दिसणार नाहीं इतक्या संथपणें सरकत असतो. २००१ सालीं युनेस्कोनें या प्रदेशाची जागतिक वारशांत गणना केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ही हिमनदी तीन किलोमीटरांहून अधिक मागें हटली आहे, आणि अद्यापि हटतच आहे. नातवंडांना ती दाखविण्याची उतावीळ कोणाला झाली, तर तिला आम्ही उधळेपणा म्हणणार नाहीं.

नुसतें बर्फ हाताळण्यासाठीं मात्र हा खर्च करूं नये. रोहतांगची खिंड ३९७८ मीटर, म्हणजे युंगफ्राउयोखपेक्षां उंच आहे. बर्फाचे गोळे एकमेकांवर फेकण्याची हौस तेथें पुष्कळ स्वस्तांत भागते. तसेंच ढग असतील त्या दिवशीं वर जाणें म्हणजे पैसे देऊन पांढऱ्या भिंतीपुढें उभें राहणें होय. म्हणून महिनाभर आधीं एकच तारीख पक्की करून ठेवणें आम्हांस पसंत नाहीं. त्या दऱ्यांत तीन-चार दिवस मुक्काम ठेवावा. शिखरावर बसविलेल्या कॅमेऱ्यांतून वरचें आकाश रोज सकाळीं खालीं बसून पाहतां येतें. तें निरभ्र दिसेल त्याच दिवशीं तिकीट काढावें. चारही दिवस ढगांत गेले, तर सवा लाख वांचले असें समजून परतावें.

दुसरा प्रश्न वडील मंडळींचा. सहाशें मीटरांच्याही खालीं असलेल्या इंटरलाकेनहून दोन-अडीच तासांत मनुष्य साडेतीन हजार मीटरांवर जातो. तेथें हवा इतकी विरळ कीं, श्वासागणिक मिळणारा प्राणवायु समुद्रकांठच्या मानानें दोन-तृतीयांश. डोकें दुखणें, धाप लागणें हे प्रकार धडधाकट माणसासही होतात. ज्यांना हृदयाचा किंवा दम्याचा विकार आहे त्यांनीं निघण्यापूर्वींच आपल्या डॉक्टरांस विचारावें. एकत्र कुटुंब म्हणजे प्रत्येक ठिकाणीं सर्वांनीं एकत्रच गेलें पाहिजे, असा आपल्याकडे एक समज आहे. तो मायेचा खरा, पण या डोंगरावर महागांत पडतो. कोणीं जावें, हें घरींच मोकळेपणानें बोलावें. तेथल्या स्टेशनावर नव्हे.

हिमनदीच पाहावयाची, पण इतकें भाडें देणें नाहीं, त्यांच्यासाठीं दुसरी वाट आहे. दक्षिणेकडील व्हॅलिस प्रांतांत फीश गांवाहून एगिसहॉर्नवर पाळण्यांतून जातां येतें. तेथून आलेचचा वळत गेलेला सबंध पट्टा एका दृष्टिक्षेपांत येतो, आणि आमच्या मतें तो देखावा युंगफ्राउयोखहून सरसच आहे. भाडेंही पुष्कळच कमी. बर्फाच्या शिखरांची रांगच तेवढी हवी असेल, तर १८९३ पासून चालू असलेली शिनिगे प्लाटेची जुनी गाडी आहे. ती उन्हाळ्यांतच चालते; बोगद्याचा काळोख तींत फारसा नाहीं, आणि वर आल्प्समधील वनस्पतींचें उद्यान आहे.

जी मंडळी खालीं राहतील त्यांनीं लाउटरब्रुनेनला उतरावें. गांवाच्या लगतच श्टाउबबाखचा धबधबा सुमारें तीनशें मीटरांवरून कोसळतो. वाऱ्यानें त्याचे तुषार होऊन उडतात, आणि खालीं येईपर्यंत त्याचें धुकेंच होतें. १७७९ सालीं गटे हा जर्मन कवि येथें आला होता, आणि हें पाणी पाहून त्यानें कविता लिहिली. स्टेशनापासून तेथपर्यंत पायीं जातां येतें, रस्ता सपाट आहे, आणि धबधबा खालून पाहण्यास तिकीट पडत नाहीं. वर गेलेलीं मुलें-सुना दुपारीं परत येईपर्यंतचा वेळ तेथें सहज जाईल. बरोबर गरम शाल मात्र असूं द्यावी. ऐन जूनमध्यें देखील त्या दरींतला वारा चांगलाच झोंबतो.