जोडीदारही तीच चूक करतो तेव्हा

१९६५ साली न्यू जर्सीतल्या सकासुना गावात बेल कंपनीने संगणकावर चालणारे टेलिफोन एक्स्चेंज सुरू केले. उद्दिष्ट जबरदस्त होते: चाळीस वर्षांत सगळे मिळून फार तर दोन तास बंद! त्यासाठी प्रोसेसर जोडीने बसवले. दोघे एकच काम करीत आणि यंत्रणा त्यांची उत्तरे सतत ताडून पाही. तफावत दिसली की चुकणाऱ्याला हुडकून बाजूला काढायचे, दुसऱ्याने कॉल सांभाळायचे. सुटे भाग बिघडतात, त्यावर हा इलाज चोख होता.

पण दोघांनाही एकच चुकीचा हुकूम दिला असेल तर?

१५ जानेवारी १९९० च्या दुपारी ‘एटी अँड टी’ या टेलिफोन कंपनीच्या न्यूयॉर्कमधील एका एक्स्चेंजला स्वतःतच किरकोळ दोष आढळला. नियमाप्रमाणे ‘कॉल पाठवू नका’ असे शेजारच्या एक्स्चेंजांना कळवून ते काही सेकंदांत स्वतःला सावरून परतले आणि कॉल पाठवू लागले. इथपर्यंत सारे ठीक. मात्र महिनाभरापूर्वीच सगळीकडे नवे सॉफ्टवेअर चढवले होते. ‘ते परतले’ अशी नोंद शेजारी एक्स्चेंज करत असतानाच, सेकंदाच्या शंभराव्या भागात दुसरा संदेश आला, तर त्याची स्वतःचीच माहिती पुसली जाई. सी या संगणकीय भाषेतला ‘ब्रेक’ हा एक हुकूम भलत्या जागी पडला होता, एवढेच कारण! माहिती बिघडल्याचे ओळखून शेजारी नव्याने सुरू होई. राखीव प्रोसेसर पुढे येई, पण त्यातही तेच सॉफ्टवेअर. सावरून परतला की तो आपल्या शेजाऱ्यांना तसाच पाडी. तापाच्या साथीसारखे हे लोण ११४ एक्स्चेंजांत फिरत राहिले. गंमत अशी, की बिघाड ओळखणारी व्यवस्था आपले काम बिनचूक करत होती. तिच्यामुळेच साथ पसरली.

नऊ तास लांब पल्ल्याचे जवळपास निम्मे कॉल लागेनात. अखेर अभियंत्यांनी संदेशांचा ओघ कमी केला, तेव्हा कुठे जाळे शांत झाले.

ज्या कचेऱ्यांना पर्यायी वाट ठाऊक होती, त्यांनी आधी प्रतिस्पर्धी कंपनीचा संकेतांक फिरवून त्याच फोनवरून कॉल लावले. आज ऑफिसचे फोन इंटरनेटवर चालतात, म्हणून दोन कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या जातात. पण दोन्ही केबल एकाच चरातून आल्या असतील, तर एका जेसीबीला त्या दोन्ही तोडायला एकच फेरा पुरतो.