रुमालाखालचा भाव

देवणी गोवंशासाठी ओळखल्या जाणाऱ्या बीदर-लातूर पट्ट्यात आणि कलबुर्गीकडील बैलबाजारांत दलाल व गिऱ्हाईक रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याआड एकमेकांची बोटे धरून किंमत ठरवत. या गुप्त सौद्याला हत्ता पद्धत म्हणतात. एक बोट धरले की एक, चार धरली की चार, सगळा पंजा धरला की पाच. हा आकडा शेकड्यांचा की हजारांचा, हे बैलाचे दात पाहिलेल्याला सांगावे लागत नसे. मराठी, कन्नड आणि दखनी बोलणाऱ्यांच्या बाजारात या बोलीला दुभाषाही नको होता.

फ्रेंच जवाहिरा ताव्हर्निए याने १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात दख्खनमधील हिऱ्यांचा असाच मुका व्यवहार नोंदवला असून, तेथे सबंध हात म्हणजे १०००, पाच बोटे म्हणजे ५००, एक बोट म्हणजे १००, मधल्या सांध्यापर्यंतचे बोट म्हणजे ५० आणि केवळ टोकाचे पेर म्हणजे १० असा संकेत होता.

जनावरांच्या सौद्यात ही रीत निदान चतुराईची मानता येते. धान्याच्या अडतीवर मात्र रुमालाखालचे दोन्ही हात अडत्याचे आणि खरेदीदाराचे असल्याने मालाच्या धन्यालाच बोली कळत नसे, आणि म्हणूनच नियंत्रित बाजार समित्यांनी उघड लिलाव आणला.