दिवाळीच्या सुट्टीत न जाणारी मुलं

सहामाहीचा शेवटचा पेपर झाला की बालगृहाच्या कार्यालयात एक लांबट वही उघडली जाते. मुलाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, नातं, सही किंवा अंगठा, परत आणण्याची तारीख असे तिच्यात रकाने असतात. कुणाची आई येते, कुणाचा मामा येतो, कुठल्या तरी वाडीवरून पहाटेची एसटी धरून आजी येते. मूल सकाळपासून पिशवी मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसलेलं असतं.

मी काही वर्षं अशा एका बालगृहात शनिवार-रविवार मुलांचा अभ्यास घ्यायला जात असे. पहिल्या दिवाळीत मी ही वही पाहिली. धनत्रयोदशीपर्यंत निम्म्याहून अधिक मुलं निघून गेली. उरलेल्यांपैकी नऊ मुलांच्या नावापुढचा रकाना कोराच होता, आणि मागची पानं उलटली तर आधीच्या वर्षांतही तो तसाच कोरा. त्यांतला एक अकरा वर्षांचा मुलगा जाणाऱ्या मुलांच्या पिशव्या फाटकापर्यंत उचलून देत होता. त्याला हे काम कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे दिवसभर फाटकापाशी उभं राहायला मिळतं, एवढं त्याला कळलं होतं.

या नऊ मुलांना आपण सरसकट अनाथ म्हणतो, पण कागदोपत्री बहुतेकांचं कुणी ना कुणी असतं. ते कुणी येत मात्र नाही. नातेवाईक आहेत म्हणून मूल दत्तक जाऊ शकत नाही, आणि ते भेटायला येत नाहीत म्हणून घरीही जाऊ शकत नाही. असं मूल सहा वर्षांचं येतं आणि अठराव्या वर्षी बाहेर पडतं. मधली बारा वर्षं त्याला कायमचं घर मिळावं म्हणून कुणी काय केलं, या प्रश्नाचं उत्तर दानशूरपणात सापडणार नाही. ते सार्वजनिक धोरणात शोधावं लागतं.

वारसासाठी मूल, मुलासाठी घर

दत्तक हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. झाशीच्या गंगाधररावांनी 1853 मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो नाकारला आणि पुढचा इतिहास घडला. 1875 मध्ये कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचे सयाजीराव झाला, तर 1884 मध्ये कागलच्या घाटग्यांचा मुलगा कोल्हापूरचे शाहू महाराज. दोघांनीही प्रजेचं सोनं केलं. पण दत्तकविधानामागची गरज गादीची होती. घराला वारस हवा होता, म्हणून मूल आणलं गेलं.

त्याच काळात पुण्यात उलट दिशेने एक पाऊल पडलं. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं आणि 1874 मध्ये काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यासाठी रुग्ण आणता आणता सावित्रीबाई गेल्या. पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये प्रार्थना समाजाचा बालकाश्रम उभा राहिला. वारीच्या गावात सोडून दिलेल्या अर्भकांना तिथे आसरा मिळाला. या कामांत गरज मुलाची होती आणि मोठी माणसं त्या गरजेला उत्तर देत होती.

कायद्याला हा फरक मान्य करायला शंभर वर्षं लागली. 1956 चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा मूळचा वारसाच्याच विचारातला आहे. त्यानुसार आधीच मुलगा असलेल्याला दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे दत्तक घेण्याची मुभा तर 2010 च्या दुरुस्तीनंतर मिळाली. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांकडे 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखालचं पालकत्व तेवढं होतं, आणि ते मूल सज्ञान झालं की संपे.

पुढे 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात मुलाच्या बाजूने एक क्रम लावून दिला. आधी जन्मदात्यांकडे, ते शक्य नसेल तर देशातल्या देशात दत्तक, आणि त्यानंतरच परदेश. त्यातूनच 1990 मध्ये केंद्रीय दत्तक संस्था ‘कारा’ स्थापन झाली. 2000 च्या बालन्याय कायद्याने दत्तकाला धर्माच्या चौकटीबाहेर वाट दिली आणि 2014 मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात न्यायालयाने ती पक्की केली. 2015 च्या बालन्याय कायद्यात दत्तक, प्रतिपालकत्व (काही काळ दुसऱ्या कुटुंबात वाढणं), प्रायोजकत्व (मुलासाठी आर्थिक मदत) आणि अनुरक्षण (संस्थेतून बाहेर पडल्यावरचा आधार) या चारही वाटा आहेत.

रांग लांब, मुलं थोडी

आज ‘कारा’च्या नोंदणीत तीस हजारांहून अधिक दांपत्यं आणि एकल पालक वाट पाहत आहेत. निरोगी तान्ह्या बाळासाठी तीन वर्षांहून अधिक थांबावं लागतं. 2024-25 मध्ये देशभरात 4515 दत्तकविधानं झाली. हा गेल्या दशकभरातला उच्चांक, आणि महाराष्ट्र या यादीत वर्षानुवर्षं अग्रभागी आहे. तरीही दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळी असलेली मुलं कोणत्याही वेळी दोन-अडीच हजारांच्या आसपासच असतात. त्यांतली बरीच मोठ्या वयाची, भावंडांच्या जोडीतली किंवा विशेष गरजा असलेली.

मग संस्थांमधली बाकीची मुलं या यादीत का नाहीत? कायद्यात मुदती आहेत. आईने स्वाधीन केलेल्या बाळासाठी तिला फेरविचाराला साठ दिवस मिळतात. टाकून दिलेलं मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर बालकल्याण समितीने दोन महिन्यांत, मोठं असेल तर चार महिन्यांत ते दत्तकमुक्त, म्हणजे दत्तकासाठी कायदेशीररीत्या मोकळं, घोषित करावं, असा नियम आहे. दत्तकाचा आदेशही दोन महिन्यांत निघायला हवा. तो लवकर निघावा म्हणून 1 सप्टेंबर 2022 पासून हा अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे गेला.

पण ही घड्याळं सुरू व्हायची तर आधी कुणीतरी ‘हे मूल सोडलेलं आहे’ असं म्हणावं लागतं. फाटकापाशी उभ्या असलेल्या मुलाच्या फाइलवर ‘आई : ठावठिकाणा नाही’ एवढाच शेरा असतो. पत्ता शोधायचा, पोलिसांचा अहवाल मागवायचा, गृहचौकशी करायची तर माणूस लागतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या कंत्राटी कार्यकर्त्याकडे शेकडो मुलं असतात, शिवाय बालविवाह थांबवण्यापासून सगळी कामं त्याच्याच गळ्यात. फाइल कपाटात थांबते आणि मूल वाढत राहतं. समितीला सहा महिने फार वाटत नाहीत, पण तीन वर्षांच्या पोराच्या आयुष्याचा तो सहावा हिस्सा आहे. शिवाय मूल जितकं मोठं, तितके त्याला मागणारे कमी.

नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना दर दोन महिन्यांनी संस्थांमधली अनाथ, टाकून दिलेली आणि स्वाधीन केलेली मुलं हुडकून काढण्याची मोहीम घ्यायला सांगितलं. ज्यांना भेटायला कुणीच येत नाही, अशा मुलांचाही आता वेगळा विचार होतो. माझ्या मते अलीकडच्या काळातली ही सर्वांत महत्त्वाची सुधारणा आहे, कारण त्या वहीतला कोरा रकाना आता शासनालाही दिसू लागला आहे.

आजीची पिशवी

प्रत्येक मुलाला दत्तकाची गरज असते असं मात्र नाही. एकदा मी एका मुलीच्या शाळेच्या कागदांसाठी बालकल्याण समितीच्या बैठकीला गेलो होतो. बाकावर शेजारी एक आजी बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तीत रेशनकार्ड, मुलाचा मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला आणि दोन नातवंडांचे फोटो. प्रत्येक कागद चार घड्यांचा. “साहेब, पोरं माझ्याजवळच हायेत,” त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. “फक्त शाळेचं नि दुधाचं भागंना.” आधार कार्डावरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळत नव्हतं, म्हणून त्यांची ती तिसरी फेरी होती.

या आजीसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तिला आता सावित्रीबाईंचंच नाव दिलं आहे, आणि ते शोभतं. एक किंवा दोन्ही पालक गमावलेलं, किंवा पालकांना सांभाळणं अशक्य झालेलं मूल संस्थेत न जाता नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढावं, म्हणून दरमहा अनुदान मिळतं. कित्येक वर्षं हे अनुदान 425 रुपये होतं. करोनात घराघरांतली कर्ती माणसं गेल्यावर योजनेकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. रक्कम 1100 झाली आणि 2023 मध्ये 2250. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व आणि प्रतिपालकत्वासाठी दरमहा 4000 रुपयांची तरतूद आहे. राजस्थानात 2005 पासून पालनहार योजनेतून नातेवाइकांकडच्या मुलांना असाच आधार मिळतो.

परक्या कुटुंबातलं प्रतिपालकत्व, म्हणजे फॉस्टर केअर, आपल्याकडे अजून बाल्यावस्थेत आहे. 2015 च्या कायद्याच्या कलम 44 मध्ये ते आहे. 2024 च्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांनी त्याची दारं आणखी उघडली. संस्थेतली सहा वर्षांवरची मुलं आता अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित व्यक्तीच्या घरीही जाऊ शकतात. मूल दत्तकमुक्त असेल तर त्याला दत्तक घेण्यासाठी आधी पाच वर्षं थांबावं लागे, ती अट दोन वर्षांवर आली. दहा वर्षांच्या मुलासाठी पाच आणि दोन या आकड्यांत त्याचं सगळं बालपण सामावलेलं असतं.

रुमानिया आणि अमेरिका

संस्थेने मुलाचं नेमकं काय बिघडतं, याचा सर्वांत ठळक पुरावा रुमानियातून आला. डिसेंबर 1989 मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुलं सरकारी अनाथालयांत होती. खायला होतं, अंथरूण होतं, पण उचलून घेणारं माणूस नव्हतं. 2000 नंतर चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी बुखारेस्टमधल्या 136 मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं प्रतिपालक कुटुंबांत गेली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि जिव्हाळा जोडण्याची क्षमता सुधारली, आणि दोन वर्षांचं होण्याआधी जी गेली त्यांची सर्वांत जास्त. पुढे रुमानियाने दोन वर्षांखालील मुलांना संस्थेत ठेवण्यावर कायद्यानेच बंधन घातलं.

अमेरिकेने संस्था केव्हाच मागे टाकल्या, पण तिथे वेगळा पेच उभा राहिला. मुलं एका प्रतिपालक घरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या घरात फिरत राहिली. 1997 च्या कायद्याने घड्याळ लावलं. मागच्या 22 महिन्यांपैकी 15 महिने मूल सरकारी देखरेखीत असेल, तर काही अपवाद सोडून राज्याने जन्मदात्यांचे हक्क संपवण्यासाठी न्यायालयात जावं. दत्तक वाढवणाऱ्या राज्यांना बक्षिसी मिळू लागली. काही वर्षांत प्रतिपालक व्यवस्थेतली दत्तकं वर्षाला पन्नास हजारांच्या घरात गेली. ही मोठी मिळकत होती. पण हक्क संपलेली सगळीच मुलं दत्तक गेली नाहीत. काहींना जुने आईबाप राहिले नाहीत आणि नवे मिळाले नाहीत. शिवाय या घड्याळाचा फटका गरीब आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना अधिक बसला. म्हणून 2008 मध्ये नातेवाईक पालकांना अनुदान आलं, आणि 2018 च्या कायद्याने मूल घरातून काढावंच लागू नये यासाठी उपचार आणि पालकांना मदत यांवर केंद्राचा पैसा खर्च करायला परवानगी दिली. शतक सुरू होताना पाच लाखांवर असलेली देखरेखीतल्या मुलांची संख्या 2023 मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास आली.

दोन्ही देशांनी शिकवलं ते आपल्या कामाचं आहे. घड्याळ हवंच. पण ते आईवर रोखण्याआधी शासनावर रोखायला हवं. आईला शोधलं का? तिची दारू, आजार, नवऱ्याची मारहाण किंवा नुसती गरिबी, यावर तिला काही मदत दिली का? आजी-मामांना विचारलं का? ही उत्तरं ठरलेल्या तारखेला फाइलवर हवीत.

करण्यासारखं

प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा कायद्याने सक्तीचा आहे. त्याच्या पहिल्याच पानावर ‘हे मूल कायमचं कुणाकडे जाणार, आणि कधीपर्यंत’ असा रकाना असावा. दर सहा महिन्यांनी समितीने मुलासमोर बसून तो तपासावा. कार्यकर्त्यांची पदं भरावीत, कंत्राटावर नव्हे. बालसंगोपनाचं अनुदान दर महिन्याला खात्यात पडावं. वर्षाचं एकदम आलं तर आजीचं दूध तोवर उधारीवर चालतं. मोठ्या मुलांना दत्तक घेणाऱ्या कुटुंबांच्या पाठीशी आदेशानंतरही समुपदेशक असावा. नवं घर जुळेनासं झालं तर मूल परत पाठवलं जातं, आणि दुसऱ्यांदा नाकारलं गेलेलं मूल पुन्हा कुणावर विश्वास ठेवायला फार वेळ घेतं.

ज्यांना घर मिळालंच नाही, त्यांच्यासाठी अनुरक्षणगृहं एकविसाव्या वर्षापर्यंत आहेत, आणि 2018 पासून महाराष्ट्रात अनाथांना एक टक्का समांतर आरक्षणही. हे आवश्यकच आहे. पण नोकरी लागल्याचं कळवायला माणूस लागतं, आणि ते आरक्षणातून मिळत नाही.

त्या अकरा वर्षांच्या मुलाचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. तो तेरा वर्षांचा असताना बालगृहात एक नवी समाजसेविका आली. तिने त्याची फाइल शेवटच्या पानापासून न वाचता पहिल्या पानापासून वाचली. सात वर्षांपूर्वी रेल्वे स्टेशनवर घेतलेल्या जबाबात त्याने मावशीच्या गावाचं अर्धवट नाव सांगितलं होतं. ते चुकीचं लिहिलं गेलं होतं. तिने दोन तालुके पालथे घातले. मावशी सापडली. मूल मेलं असं समजून तिने रडून घेतलं होतं. त्या दिवाळीला ती आठ दिवसांसाठी त्याला घेऊन गेली. मे महिन्यात समितीचा आदेश निघाला.

निघायच्या दिवशी कार्यालयातल्या भाऊंनी सवयीने वही पुढे केली आणि विचारलं, “परत कधी आणणार?” मावशीला प्रश्नच कळला नाही. “आता कशाला परत?” ती म्हणाली.

भाऊंनी तो रकाना रेघ मारून बंद केला. त्याची पिशवी फाटकापर्यंत एका लहान मुलाने नेली. उरलेल्या आठांपैकी तो एक होता.